चौकटीतलं नाव

टाकेवाडीत झुंबर नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की 'जरा थांब' म्हटलं तर दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा.

गावच्या नळयोजनेला नवा कॉम्प्युटर आला होता. तो गल्लीगल्लीत पाणी सोडायचा आणि घरोघर फोनवर निरोप धाडायचा. दूरदेशी शिकून परतलेल्या ऋजुताताईनं तो बसवला आणि त्याच्यापुढं झुंबरला बसवलं. झुंबरचे मामा धोंडिबा खराडे म्हणाले, "ही नोकरी टिकव, मग तुझी नि आमच्या लेकीची, सुगंधाची, सुपारी फोडू." झुंबर सुगंधाच्या नावानंच लाजायचा. तो कामाला लागला.

ताई म्हणाली, "निरोपात ही रिकामी चौकट आहे ना, तिथं गल्लीचं नाव लिही."

झुंबरनं लिहिलं, 'गल्लीचं नाव'.

घरोघर निरोप गेला, 'आज पाणी गल्लीचं नाव इथे येईल.' बायका हंडे घेऊन ती गल्ली शोधत गावभर हिंडल्या.

"अरे, चौकट म्हणजे नुसतं भांडं," ताई म्हणाली. "भांड्यात खरी वस्तू घालायची."

"असं होय!"

पडद्यावर दुसरी चौकट होती, 'टाकीतलं पाणी'. झुंबरनं टाकीतलं पाणी आणलं. तांब्याभर. आणि ओतलं. कॉम्प्युटर फुस्स करून विझला.

"ताई, तुमचं भांडं गळतंय," झुंबर म्हणाला.

दुसरा कॉम्प्युटर आला. "पाणी नको रे बाबा! खऱ्या गल्लीचं खरं नाव घाल!"

झुंबरनं चौकटच पुसली आणि तिच्या जागी 'कुंभारगल्ली' असं पक्कं लिहून टाकलं. कॉम्प्युटर निरोपातलं नाव बघूनच पाणी सोडायचा, मग रोज पाणी कुंभारगल्लीतच. बाकी गाव कोरडं, आणि कुंभारांच्या कच्च्या मडक्यांचा चिखल.

"हाकला याला!" सरपंच ओरडले.

"शिकवलं की कुणीही शिकतं," ताई ठासून म्हणाली. तिनं झुंबरला समोर बसवलं. "नीट ऐक. नाव कधी पक्कं लिहायचं नाही. चौकट रिकामी ठेवायची. आज ही गल्ली, उद्या ती. मजकूर तोच, नाव तेवढं बदलतं. गल्ल्यांची यादी आता मी आत घातलीय, कॉम्प्युटर त्यातलं नाव आपसूक भरतो."

झुंबरनं चौकट रिकामी ठेवली. आणि काय सांगावं, पाणी ज्या त्या गल्लीत वेळेवर आलं! सरपंचांनी पाठ थोपटली. नोकरी टिकली. धोंडिबा सुपारी घेऊन दारात आले.

पाहुणे बसले, हळदकुंकू झालं. गुरुजी लग्नपत्रिकेचा मजकूर लिहू लागले. "वर, चिरंजीव झुंबर. वधू, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुगं..."

"थांबा!" झुंबर ओरडला. "नवरीचं नाव पक्कं लिहू नका! चौकट रिकामी ठेवा. आज ही, उद्या दुसरी. पत्रिका तीच, नाव तेवढं बदलतं!"

धोंडिबांच्या हातातली सुपारी खाली पडली.

सुगंधा उठली. पदर खोचत म्हणाली, "मग गुरुजी, नवऱ्याचीही चौकट रिकामीच ठेवा."

झुंबरचा चेहरा उजळला. टाळ्या पिटत तो म्हणाला, "बघा मामा, मला किती दिवस लागले, आणि हिला एका दमात समजलं!"