बुधवारचं नाव

"इतका मान दिला, तरी ही माणसं उठत का नाहीत, माय?"

रेवामाय डाळ निवडत होती. नदीकाठच्या या म्हाताऱ्या जोगिणीच्या झोपडीत राजा येवो की भिकारी, तिची डाळ काही थांबत नसे.

विचारणारे होते हैबतराव, नव्या राज्याचे कारभारी. गुलामी राहावी की जावी, यावरून राज्यात भाऊ भावावर उठला होता, गावंच्या गावं बेचिराख झाली होती. हैबतराव गुलामी मोडणाऱ्यांच्या बाजूनं लढले. सख्खा भाऊ पलीकडून लढला आणि गेला. एवढं सोसलेल्या माणसानं मान थोडी ताठ ठेवली, तर त्याला कोण बोलणार?

"कसला मान दिला?" मायनं विचारलं.

"सभेत जागा दिली. आमची बैठक तीच त्यांची बैठक. मी स्वतः कायदा केला, की गुलामीतून सुटलेल्या माणसाला कुणी अरे-तुरे करायचं नाही, नावापुढे 'जी' लावूनच हाक मारायची. काल शपथेचा दिवस होता. भालदारानं नावं पुकारली. सोमाजी... मंगळाजी... शुक्राजी... एकही जण उठला नाही. सगळे समोर बसलेले, आणि जसे काही बहिरे."

"मग?"

"मग काय, हरलेले सरदार मिशीतल्या मिशीत हसले. उद्या पुन्हा सभा आहे. उद्याही शपथ झाली नाही तर ते म्हणणार, बघा, यांना राज्य नकोच आहे. पुन्हा तलवारी निघतील, माय. आणि एवढं करून उपकाराची जाण म्हणून नाही. तुम्हीच समजवा याला... यांना."

त्यांनी दाराकडे मान उडवली. उंबऱ्यापाशी बुधाजी बसला होता. उभा जन्म हैबतरावांच्या घरी राबलेला, आणि आता सभेत त्यांच्याच शेजारी बसणारा. कालही तो बसूनच राहिला होता.

"बुधाजी," माय म्हणाली. "बुधवारचा जन्म का?"



"जन्म नाही," हैबतराव हसून म्हणाले. "आमच्या वडिलांची पद्धत. सगळीकडे तीच होती म्हणा. बाजारातून ज्या वारी माणूस घेतला, त्या वाराचं नाव ठेवायचं. लक्षात ठेवायला सोपं. हा बुधवारी..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

सोमाजी... मंगळाजी... शुक्राजी... भरसभेत भालदारानं बाजाराचे वार पुकारले होते, तेही खणखणीत आवाजात. आणि हैबतरावांनीच, मोठ्या मनानं, प्रत्येक वाराला 'जी' लावून दिलं होतं.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सख्खा भाऊ गमावून जे मोडलं म्हणत होते, ते त्यांच्याच जिभेवर रोज सुखानं नांदत होतं.

"रोज ऐकून घेता हे?" त्यांनी बुधाजीला विचारलं.

"सवय हाये," बुधाजी म्हणाला. "घरी चालून जातं. पन सभेत उभं ऱ्हायाचं म्हनजे... शपथ माझी आन नाव बाजाराचं, हे कसं जमावं, मालक?"

मालक. हा शब्दही आजवर कधी टोचला नव्हता.

"चूक झाली," हैबतराव म्हणाले. पण चूक दिसली की लगेच हुकूम काढायचा, ही त्यांची जन्माची खोड, ती याही वेळी आडवी आली. "आजच सगळ्यांचं बारसं करू. थाटामाटात, राज्याच्या खर्चानं. चांगली चांगली नावं मी स्वतः..."

माय त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

आता तर हैबतरावांना मान वर करायचीही चोरी झाली.

शेवटी बुधाजीच बोलले. "नाव हाये मला. आयनं ठेवलेलं. बाजारात आमची ताटातूट झाली, तवापासनं त्या नावानं कुनी हाक मारली न्हाई. मीबी कुनाला सांगितलं न्हाई. तेवढंच एक इकलं गेलं नव्हतं."

हैबतराव उठले, दारापाशी गेले, बुधाजींच्या समोर उभे राहिले.

"मला सांगाल?"

बुधाजींनी खालून वर बघितलं. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर येईना...

हैबतरावांनी वळून मायकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवावं हेही त्यांना सुचलं नाही.

"सांगत नाहीत, माय. मी आता काय करू?"

"बारशाला नाव कानात सांगतात, कारभारी," माय म्हणाली. "कान तेवढा खाली न्या."