बाभळीवरचं गाळणं

"...दारू नाही, विष नाही. मग माझं यकृत दगड केलं कुणी?"

कासमबाबांनी विचारलं आणि पोटावरची चादर सारखी केली. पोट घागरीसारखं फुगलं होतं. डोळे हळदीचे झाले होते.

समोर डॉक्टर रेवण हत्तुरे बसला होता. ओढ्याकाठच्या या झोपडीला लोक फकिराचा तकिया म्हणत. रेवण लहानपणी इथे पाणी भरायचा, गाळायचं कापड अंगणातल्या बाभळीवर वाळत घालायचा आणि बाबांकडून अक्षरं शिकायचा. आता तो यकृताच्या आजारावर संशोधन करत होता. बाबांना शहरात न्यायला गाडी घेऊन आला होता.

"तुमच्याच शरीरानं केलं, बाबा. जुनी कावीळ रक्तात राहिली. ती यकृताला रोज थोडी जखम करते. जखमी पेशी शेजारणीला निरोप धाडते. शेजारीण एरवी झोपलेली असते. निरोप आला की उठते आणि धागे विणून जखम झाकते."

"भली बाई."

"भली कसली? थांबतच नाही. स्वतःच निरोप धाडून आणखी चौघींना उठवते. धाग्यांवर धागे. मग रक्ताला वाट उरत नाही आणि पाणी पोटात उतरतं."

"आणि तुझं औषध काय करतं?"

रेवण ताठ बसला.

"तो निरोप मी शोधलाय, बाबा. माझ्या औषधानं त्या पेशी बहिऱ्या होतात. निरोप ऐकूच येत नाही. विणणं बंद."

"आणि जखम?"

"जखम... ती बघू नंतर. आधी विणणं थांबवू."

बाबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर वारा सुटला होता.

"लांबून आलास. पाणी पी. घागर भरलेली आहे, रांजणात ओत."

दारात वाटसरूंसाठी रांजण होता. त्याच्या तोंडावर गाळायचं कापड बांधलेलं होतं. रेवणनं घागर वाकडी केली.

पाणी खाली गेलं नाही. ते कापडावर साचलं, काठापर्यंत आलं आणि त्याच्या बुटांवर सांडलं.

त्यानं कापड सोडलं आणि उजेडात धरलं. कुठेच भोक नव्हतं. टाक्यांवर टाके होते, त्यांच्यावर पुन्हा टाके. कापड चामड्यासारखं ताठ झालं होतं. उजेडही पलीकडे येत नव्हता.

"हे कुणी केलं?"

बाबांनी हनुवटीनं कोपरा दाखवला. तिथे त्यांचा सगळ्यात जुना शिष्य मौलाली बसला होता. त्याच्या मांडीवर तसंच दुसरं कापड होतं. सुई खाली जात होती, वर येत होती.

"मीच सांगितलं होतं त्याला," बाबा म्हणाले. "फाटलं की शिवायचं. तरुण होता तेव्हा."

"मौलालीचाचा, बास करा आता!"

सुई खाली गेली, वर आली.

"चाचा! बास!"

सुई वर आली.

"घसा कशाला फोडतोस?" बाबा हसले. "बहिरा आहे तो. तू शहरात गेल्यानंतर झाला."

रेवणनं हातातल्या ताठ कापडाकडे पाहिलं.

तो बाबांजवळ येऊन बसला. आवाज एकदम लहान झाला होता, पूर्वी अक्षर चुकलं की व्हायचा तसा.

"बाबा, थट्टा पुरे. असेच राहिलात तर पावसाळा बघणार नाही तुम्ही. मला माहीत आहे. चला ना."

बाबा हातांवर भार देत कोपऱ्यापर्यंत सरकले. त्यांना धाप लागली. त्यांनी मौलालीच्या हातावर आपला तळवा ठेवला.

सुई थांबली.

"कुठं फाटलं?" मौलालीनं घाबरून विचारलं.

बाबांनी मान हलवली. कुठंच नाही. मौलाली आपल्या रिकाम्या बोटांकडे बघत राहिला.

"एवढं सोपं होतं!" रेवण म्हणाला. "मग आधीच का नाही थांबवलंत?"

"हातातलं कापड ओलं आहे तुझ्या," बाबा म्हणाले. "तेवढं वाळत घालून ये. मग निघू."

रेवणचा चेहरा उजळला. तो जवळजवळ पळतच अंगणात गेला. हात आपोआप वर गेला, लहानपणी जायचा तसा, आणि त्यानं कापड बाभळीवर टाकलं.

वाऱ्याचा एक झोत आला.

टर्रकन आवाज झाला. काट्यांतून सोडवायला त्यानं कापड ओढलं, तर ते शिवणीच्या कडेनं आणखी फाटलं.

तो परत आला तेव्हा दारातच उभा राहिला. कापडाला तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्याच्या बोटात काटा मोडला होता. तो कोपऱ्यात बाबांजवळ आला.

बाबांनी कापड त्याच्या हातातून घेतलं आणि मौलालीच्या मांडीवर ठेवलं. मग मौलालीच्या हातावरचा आपला तळवा उचलला.

"घे मौलाली. सुई घे."