पहिलं नाव

लेखावर पहिलं नाव विभागप्रमुखांचं आणि 'का' म्हणून विचारायचं नाही, हा नियम शाल्मलीला पहिल्याच दिवशी सांगितला होता. तीन वर्षं खपून तिने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी लेखिकांवर लेख लिहिला. विभागाच्या बैठकीत विभागप्रमुख टिपणीससरांनी तो न वाचताच नाव घालायला पेन उघडलं.

"घाला, सर. फक्त एक तळटीप वाढवावी लागेल."

"कसली?"

"बायकांचं लिखाण पुरुष आपल्या नावावर कसं छापायचे, त्यावरच हा लेख आहे. तळटीप अशी: ही प्रथा आजही चालू आहे, पुरावा पहिल्या पानावर."

एक ज्येष्ठ प्राध्यापक खाकरले. "अगं, रीत आहे ती!"

"तेव्हाही असंच म्हणायचे, सर. या लेखावर माझं एकटीचंच नाव राहील."

टिपणीससरांनी पेनाला टोपण लावलं.