कुणाचं ओझं?

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या खाडीत एवढा गाळ नव्हता आणि मोठी जहाजं थेट धक्क्याला लागायची तेव्हा, या सारंगवाडीत धाकलू नावाचा हमाल होता. नावाचाच धाकलू बरं का, अंगानं चांगला दांडगा. तो ओरडला की माडावरचे नारळ आपणहून खाली पडायचे, असं म्हणतात. हसताय काय? ओरडून एक तरी पाडून दाखवा, मग हसा.

तर धाकलूचं काम हाक द्यायचं. जड पेटी सहा-आठ जणांनी एकदम उचलावी लागते. एकानं घाई केली तर दुसऱ्याची पाठ मोडते. म्हणून धाकलू आधी विचारायचा, "कुणाचं ओझं?" सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, "आपलं!" आणि मगच उचलायचं. एकाचाही आवाज आला नाही तर पेटी जमिनीवरच. मुकादम कितीही बोंबलला तरी हा नियम कुणी मोडत नसे, कारण तो मोडून मेलेली माणसं सगळ्यांनी पाहिली होती.

एकदा लांबट पेट्या आल्या. प्रत्येक पेटीवर बंदराच्या साहेबाच्या माणसांनी आपल्या धक्क्याचा शिक्का मारला, निळा मासा. आत काय आहे कुणी विचारलं नाही. रोजच्यासारखं धाकलूनं विचारलं, रोजच्यासारखं सगळे "आपलं" म्हणाले, आणि जहाज भरून गेलं.

काही महिन्यांनी आलेल्या जहाजावर दूरदेशीचा एक खलाशी होता. त्याच्या डोळ्यातलं पाणी कधी सुकतच नसे, असं म्हणतात. मोडक्यातोडक्या बोलीत त्यानं धाकलूला सांगितलं, "माझ्या बंदरातही तुमच्यासारखेच हमाल. पोटभर जेवण मिळेना म्हणून ते काम सोडून धक्क्यावर बसले. सरकारनं गोळ्या घातल्या. गोळ्यांच्या पेट्यांवर हा निळा मासा होता."

धाकलूच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "अरे देवा," तो म्हणाला, "आम्ही त्याला आपलं म्हणालो की रे!" त्यानं दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून ते सांगितलं. ज्यानं त्यानं आपली भाकरी पुन्हा फडक्यात बांधली.

आणि मेलं नशीब बघा, थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच पेट्या आल्या. धाकलूनं विचारलं, "कुणाचं ओझं?" धक्का गप्प. पुन्हा विचारलं. वर फिरणारे पक्षीसुद्धा ओरडायचे थांबले, असं म्हणतात. बंदराचा साहेब लालबुंद झाला. त्यानं शिपायांना पेट्या उचलायला लावल्या, तर एकही पेटी हलेना. धक्क्याच्या दगडाला मुळं फुटून ती पेट्यांत शिरली होती म्हणे.

साहेबाला वाटलं, सगळी करामत या धाकलूच्या हाकेत आहे. ओहोटी होती. त्यानं धाकलूला धक्क्याच्या खालच्या खांबाला बांधलं, वर शिपायांचा पहारा लावला आणि म्हणाला, "तू विचार, यांना उत्तर देऊ दे, पेट्या चढू दे. लगेच सोडतो. नाहीतर भरती आहेच."

पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. धाकलूची बायको येसू, तीही पाट्या वाहणारी, एकेका माणसाचा दंड धरून हलवत होती. "बोला की रे! एक शब्द तर बोलायचाय! आग लागो त्या तिकडच्या बंदराला, माझा माणूस जातोय इथं!" दोघातिघांची तोंडं उघडली. मला सांगा, तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी तर बोललो असतो, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात खालून धाकलू म्हणाला, "येसू, तिकडंही कुणीतरी येसू आहे गं."

येसूनं हात सोडले. ती मटकन खाली बसली आणि तिनं आपल्याच पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा धाकलूनं शेवटचं विचारलं, "कुणाचं ओझं?" धक्क्यावरून कुणी बोललं नाही. पण दूर समुद्राकडून आवाज आला. हजारो माणसं एका दमात बोलत होती. भाषा परकी होती, तरी सारंगवाडीतल्या लहान पोरालाही ती कळली, असं म्हणतात. ती माणसं "आपलं" म्हणत होती. पेट्यांना नव्हे. धाकलूला.

मग पाणी वर गेलं.

जहाज रिकामं परत गेलं. पण जिंकलो-बिंकलो म्हणून नाचू नका. साहेबानं चिडून धक्का बंद केला, गावानं कंदमुळं खाल्ली, पोरं दगावली. पेट्या दुसऱ्या कुठल्या तरी बंदरातून गेल्याच असणार. हेही सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट खोटी होते.

ओहोटीला धाकलूला वर आणलं. खांदा द्यायला माणसं उभी राहिली आणि तशीच राहिली. हाक कोण देणार? हाक देणाराच आडवा पडलेला. तेव्हा येसू उठली. तिचा आवाज चिरका, पण तिनं विचारलं, "कुणाचं ओझं?"

"आपलं!" सगळं गाव म्हणालं आणि तो उचलला गेला.

तेव्हापासून सारंगवाडीत तिरडी उचलताना घरातली बाई हे विचारते. गावानं उत्तर दिल्याशिवाय तिरडी हलत नाही, मग मेलेला कुणीही असो, कुठल्याही आळीतला असो.

आता खाडीच्या तोंडाशी नवं बंदर झालंय. कामगार कंत्राटी, ओझं क्रेन उचलते. पण क्रेनवर आपल्यातलं कुणी असलं तर दांडा ओढण्याआधी काच सरकवून खाली ओरडतं, "कुणाचं ओझं?" बहुतेक वेळा उत्तर येतं. कधी कधी खालची माणसं खोक्यांकडे बघतात आणि बोलत नाहीत. मग वरचा माणूस दांड्यावरचा हात काढून घेतो. दुसऱ्या दिवशी गेटावर त्याला आत सोडत नाहीत, त्याच्या जागी नवा माणूस येतो.

त्याला पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, आपली माणसं धाकलूची गोष्ट सांगतात.