कपाटातलं वायफाय

निवृत्त फौजदार अण्णासाहेब निकमांनी घरी वायफाय घेतलं आणि चोर नेतील म्हणून त्याचा डबा लोखंडी कपाटात बंद करून ठेवला. इकडे सून कावेरीच्या तान्ह्या मुलीला श्वास घेताना घरघर होत होती. डॉक्टरांना तिला व्हिडिओ कॉलवर बघायचं होतं, पण चित्र सारखं अडकायचं.

कावेरी फोन घेऊन घरभर हिंडली. कपाटाजवळ गेलं की रेंज जराशी वाढायची, लांब गेलं की जायची. असं का बरं?

"अण्णा, तो डबा बाहेर ठेवूया का?"

"तुला काय कळतं त्यातलं? कंपनीच भिकार आहे!"

तेवढ्यात अण्णांचा चष्मा पलंगाखाली पडला. "बॅटरी आण गं!"

कावेरीने बॅटरी पेटवली, कपाटात त्या डब्याशेजारी ठेवली आणि दार लावून घेतलं.

"अगं, इथं अंधार आहे!"

"बॅटरी चालू आहे, अण्णा. चोर नेतील म्हणून आत ठेवलीय. उजेड पोचत नसेल, तर बॅटरीची कंपनीच भिकार असणार."

अण्णांनी उठून कपाट उघडलं आणि वायफायचा डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "हां, आता नीट दिसतंय. घाबरू नका, नुसतं नाक चोंदलंय."

कावेरीने मुलीला छातीशी धरलं. अण्णा हळूच म्हणाले, "सूनबाई, आता ती बॅटरीही दे."