निळ्या कमळांचे तळे

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता, आणि त्याच्या राजवाड्याच्या पायथ्याशी एक तळे होते. त्या तळ्यात माणसांची कमळे होत. कधीकधी सांजावताना ज्याचे प्रतिबिंब पाण्यात पडलेले असे, तो हळूहळू निळा होई, लहान होई आणि पाण्यावर उमलून राही. त्याच वेळी वर सज्जात राणी वसुप्रभा वीणा वाजवीत असे. वीणा वाजली आणि माणूस गेला, असे नगराने वारंवार पाहिले होते.

राजमांत्रिक कपिशाक्ष दरबारात म्हणाला, "महाराज, दिवा लागला की अंधार जातो. वीणा लागली की माणूस जातो. यात उकलण्यासारखे काय आहे?" राणीला तळ्यात बुडविल्याखेरीज शाप फिटणार नाही, असा निवाडा त्याने दिला. राजाचे राणीवर प्रेम होते; परंतु डोळ्यांनी पाहिलेले नाकारावे कसे, हे त्याला कळेना. त्याने पौर्णिमेपर्यंतची मुदत दिली.

दुपारी राणी काठावर जाऊन बसली. तेथे खडकाळ जमिनीवर एक टिटवी अंडी उबवीत होती. राणीने तिला आपली व्यथा सांगितली.

"राणीसाहेब, मलाही लोक अपशकुनी म्हणतात," टिटवी म्हणाली. "मी ओरडले की घरातले माणूस जाते म्हणे. अहो, माणूस अत्यवस्थ झाले की वैद्याला बोलवायला कोणीतरी माझ्या अंड्यांवरून धावत सुटते. मी ओरडू नको तर काय करू?" मग मान तिरपी करून तिने विचारले, की या कमळांत एक जन्मबहिरा कुंभार आहे, त्याने वीणा कोणत्या कानांनी ऐकली? आणि राणीला वीणा हाती घ्यावीशी वाटते तरी केव्हा?

राणी विचारात पडली. "पूर्वेचा वारा सुटतो, त्याबरोबर चाफ्यासारखा एक गंध येतो, आणि बोटे आपोआप तारांकडे जातात."

"तर मग तीन कामे करा. वारा नसताना वाजवा. वारा असताना वाजवू नका. आणि त्या गंधाच्या मागावर जा."

त्या सायंकाळी वारा पडलेला होता. राणीने वीणा वाजविली. वृद्ध प्रधान काठावर उभा राहिला, आणि प्रधानच राहिला. कपिशाक्ष हसला. मंत्रशक्तीलाही भरती-ओहोटी असते, एका सायंकाळवरून काय सिद्ध होते, असे तो म्हणाला.

पुढे पौर्णिमेच्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला. काठावर उभे राहण्यास कोणीच धजेना. तेव्हा राजाने वीणा पेटीत ठेवली, किल्ली प्रधानाच्या हाती दिली आणि स्वतः पायऱ्या उतरू लागला.

राणीने त्याला अडविले. "महाराज, मी निर्दोष असेन, तर आपण जाल."

"आणि मी राहिलो, तर तुम्हाला जावे लागेल," राजा म्हणाला, आणि उतरला.

गंध आला. एकही तार वाजली नाही. आधी राजाचे प्रतिबिंब निळे झाले, मग राजा. आणि तळ्यावर आणखी एक कमळ डोलू लागले.

सारा दरबार मांत्रिकाकडे वळला, तर त्याचे आसन रिकामे. राणी वाऱ्याला सामोरी चालत निघाली. गंधाने तिला मांत्रिकाच्या कुंपणबंद बागेत नेले. तेथे निळ्या चाफ्याखाली एक शापित हंडा पुरलेला होता. जसजशी कमळे वाढत, तसतसे त्यातले सोने वाढे. कपिशाक्ष झाडाला पाणी घालीत होता. राणीने दोन्ही हातांनी झाड उपटले. मुळांबरोबर हंडा वर आला, सोन्याचा चिखल झाला, आणि मांत्रिकाचे वाळलेले पान होऊन ते कुंपणापलीकडे उडाले.

तळ्यात गुडघाभर पाण्यात माणसे उभी राहिली. सर्वांत शेवटी राजा उठला. ओल्या वस्त्रांनिशी तो पायऱ्या चढून आला आणि पहिलाच प्रश्न त्याने केला, "वीणा कोणी वाजविली?"

"कोणीही नाही, महाराज."

राजाने भरल्या काठावर, साऱ्या नगरादेखत, राणीपुढे मस्तक लवविले.

त्यापुढे त्या राज्यात कोणास दोषी ठरविण्यापूर्वी 'याखेरीज आणखी काय कारण असेल?' असे तीनदा विचारण्याचा दंडक पडला. निरपराध राणी जशी सुटली, तसे सारे निरपराध सुटोत. आणि ही कथा येथे विसावो.