तांबड्या होडीची फळी

एका खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बंदर होतं आणि तिथे एक तांडेल राहत होता. होडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कंटाळा होता तो फक्त जमिनीवरच्या कामांचा.

त्या बंदराची एक रीत होती. चौकीच्या भिंतीवर प्रत्येक होडीची एक लाकडी फळी टांगलेली असे. फळीला होडीचाच रंग आणि त्यावर मालकाची खूण. संध्याकाळी होडी खाडीत शिरली की चौकीदार तिची फळी उलटी करी. दिवेलागणीला एखादी फळी सुलटीच राहिली, तर नगारा वाजे आणि शोधायला होड्या निघत. म्हणून होडीचा रंग बदलला किंवा मालक बदलला, तर चौकीवर जाऊन सांगायचं, असा नियम होता.

तांडेलाने आपली हिरवी होडी शेजाऱ्याला विकली आणि नवीकोरी तांबडी होडी घेतली. नारळ वाढवला, पेढे वाटले. चौकीवर मात्र गेला नाही.

"अहो, फळीचं सांगून या की," बायको म्हणाली.

"अगं, सगळ्या बंदराला ठाऊक आहे. चौकीदारकाका स्वतः पेढा खाऊन गेले!"

"पेढा खाऊन फळी रंगत नाही."

"जाईन उद्या," तांडेल म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

शेजाऱ्याला वाटलं, विकणारा सांगेल. म्हातारा चौकीदारही भिडस्त. तांबडी होडी दिसली की तो मनाशी समजून हिरवी फळी उलटी करी. असे कितीतरी दिवस सुखात गेले.

मग एकदा म्हातारा नातवाच्या बारशाला परगावी गेला. त्याच्या जागी नवा चौकीदार बसला. त्याला माणसं ठाऊक नव्हती, भिंत तेवढी ठाऊक होती.

नेमका त्याच दिवशी वारा फिरला. एकटाच गेलेल्या तांडेलाची होडी खडकावर आदळून फुटली. तो कसाबसा खडकावर चढला. फारसा घाबरला नाही. आपली फळी सुलटी दिसेल, नगारा वाजेल, होड्या येतील, असं म्हणत तो बसून राहिला.

भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं. दूर खाडीत एक हिरवी होडी शिरताना त्याला दिसली. शेजारी घरी चालला होता. चौकीवर आता हिरवी फळी उलटी झाली असणार, आणि तिच्यावर खूण त्याची होती. बंदराच्या हिशेबी तो केव्हाच घरी पोचला होता.

पाणी कमरेला आलं. नगारा वाजला नाही. तो लहान मुलासारखा रडला.

इकडे बायको चौकीवर आली. "नगारा वाजवा! आमचे मालक आले नाहीत."

नव्या चौकीदाराने फळीवरची खूण दाखवली. "ही तुमचीच ना? बाई, हिरवी होडी मघाशीच आली. मी डोळ्यांनी पाहिली."

"हिरवी विकली हो आम्ही! आमची आता तांबडी."

चौकीदाराने भिंतीकडे पाहिलं. "तांबडी होडी इथे नाहीच."

"भिंतीवर नसेल. समुद्रात आहे!"

तेव्हा नगारा वाजला. होड्या पोचल्या तेव्हा पाणी तांडेलाच्या गळ्याशी आलं होतं. माणूस हाती लागला. तांबडी होडी मात्र लाटांनी केव्हाच फोडून नेली होती.

सकाळी घोंगडी पांघरून तांडेल आपणहून चौकीवर आला. आधी त्याने हिरव्या फळीवरची आपली खूण पुसायला सांगितली आणि त्या जागी शेजाऱ्याची खूण रंगवून घेतली.

"आणि तांबडीची फळी? रंग कालवू का?" चौकीदाराने विचारलं.

"नको. ती बुडाली, तेवढं सांगायला आलो," तांडेल म्हणाला. भिंतीवर कधी न आलेली होडी त्याने अशी भिंतीवरून उतरवली.

तात्पर्य: सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टसुद्धा जिथे सांगायची तिथे वेळेवर सांगावी, आपल्याला शोधणारा माणूस आपल्याला ओळखणारा असेलच असं नाही.